बॉम्बे, मुक्काम शिवाजीनगर

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात काळं मांजर कुणाला आडवं जाऊ शकत नाही. आडवं जायला रस्ता रिकामा लागतो. इथे बस स्टँडपासून रसेल मार्केटपर्यंत हातगाड्या, रिक्षा, बीएमटीसीच्या बसगाड्या, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि कमर्शियल स्ट्रीटवरून पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका हे सगळं आधीच एकमेकांना आडवं गेलेलं असतं. त्यातून एखादं मांजर पलीकडे जायला निघालंच, तर अपशकुन त्यालाच होतो.

त्यामुळे असेल, पण ह्या भागात काळ्या मांजराला कुणी घाबरत नाही. रसेल मार्केट १९२७ साली बांधलेलं. २०१२ साली तिथे मोठी आग लागली, दुकानं जळाली, पुन्हा उभी राहिली. मांजरं मात्र आपल्या जागा सोडून गेली नाहीत. खाटकाच्या ओट्याखाली डोळे मिटून पडलेलं मांजर नुसत्या सुरीच्या आवाजावरून ओळखतं, की आता खिमा चाललाय, त्यात आपलं काही नाही. आता चरबी निघतेय, उठायला हवं. वस्ती बरीचशी मुसलमानांची, आणि त्यांच्यात मांजराला हाकलणं बरं समजत नाहीत. आपल्यातही षष्ठीदेवीचं वाहन मांजरच आहे. पण मांजर आडवं गेलं की आपल्याला देवी आठवत नाही, चप्पल आठवते.

तर जिथे काळी मांजरं फुकट, हवी तेवढी आणि तयार हजेरीत मिळतात, तिथे माझ्या मामेबहिणीने एक काळं मांजर पैसे मोजून विकत आणलं.

मामांचं घराणं पक्कं बेंगळुरूचं. किती जुनं, असं विचारू नये. विचारलं की ते थेट शहाजीराजांवर जातात. १६३८ साली राजांकडे बेंगळुरूची जहागीर आली हे खरंच आहे, पण मामा ते अशा थाटात सांगतात, की राजांचं सामान ह्यांच्याच आजोबांनी उतरवून घेतलं. मामी गिरगावच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कन्नड अस्खलित, भाजीवाल्याशी तमिळमध्ये भाव करतात, पण ‘आमच्या मुंबईत’ हे दोन शब्द उच्चारल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. अशा घरात मुलगी खोका घेऊन आली आणि म्हणाली, “आई, बॉम्बे कॅट आहे.”

मामींनी खोक्यात डोकावून पाहिलं. “बॉम्बेची? वेस्टर्नची की सेंट्रलची?”

मुलीने मग फोन उघडून सगळी कुळकथा सांगितली. अमेरिकेत केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं गाव. तिथे निकी हॉर्नर नावाच्या बाई मांजरांची पैदास करायच्या. १९५८च्या सुमारास त्यांनी मनावर घेतलं, की दिवाणखान्यात मावेल असा काळा बिबट्या तयार करायचा. त्यासाठी तपकिरी बर्मीज मांजर आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर अशी सोयरीक जुळवली. पहिली स्थळं काही जमली नाहीत, बाई चिकाटीच्या, त्यांनी सोडलं नाही. शेवटी आखूड केसांचं, नाकाच्या शेंड्यापासून पंजाच्या गादीपर्यंत काळं आणि तांब्याच्या डोळ्यांचं मांजर निघालं. १९७६ साली अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने त्या जातीला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरायची मुभा दिली. काळा बिबट्या म्हणजे भारत, आणि भारत म्हणजे बॉम्बे, म्हणून नाव बॉम्बे.

“म्हणजे ह्यात मुंबईचं काही नाही,” मामी म्हणाल्या.

नाहीच. बिबट्या म्हणताना तिकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर बघीरा असतो. त्याला जन्माला घालणारा किपलिंग मुंबईचा, १८६५ सालचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. एवढाच काय तो धागा. बघीरा स्वतः जन्मला उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात आणि वावरला मध्य प्रांतातल्या शिवनीच्या रानात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे बघायला गेलं तर ठिपक्यांचे. काळा बिबट्या दिसावा म्हणून लोक हल्ली जातात ते कबिनीला, मैसूरच्या पलीकडे. मामांनी हा मुद्दा लगेच उचलला. त्यांच्या मते न्यायाने ह्या जातीचं नाव मैसूर असायला हवं होतं. मैसूर पाक, मैसूर सिल्क, मैसूर सँडल साबण, मैसूर मांजर. ओळीत बसतंसुद्धा.

बरं, बर्मीज म्हणावं तर तेही आजोळ भलतीकडचंच. अमेरिकेतल्या बर्मीज मांजरांचं मूळ वाँग माऊ नावाच्या एका मांजरीपाशी जातं. तिला १९३० साली ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला आणलं होतं. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवला आणि मांजर गेली अमेरिकेला. नशीब ज्याचं त्याचं. राजाला निदान हापूस मिळाला.

मुंबईच्या नावावर जगात हे असे व्यवहार बरेच चालतात. बॉम्बे डक म्हणजे बदक नव्हे, आपले बोंबील. खरा मुंबईचा म्हणावा तर एक बॉम्बे रक्तगट, कारण तो १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधला. शहराचं नाव १९९५ साली मुंबई झालं, पण हायकोर्ट, आयआयटी आणि हे मांजर अजून बॉम्बेच. आणि नावाबद्दल मांजराला काय बोलायचं? ते जिथे राहायला आलं, त्या शिवाजीनगराचं आधीचं नाव ब्लॅकपल्ली. आणि ते म्हणे पांढऱ्या तांदळाच्या कन्नड नावावरून पडलेलं. खुद्द शहर २०१४ साली बँगलोरचं अधिकृतपणे बेंगळुरू झालं. ह्याच शहरातल्या बसमध्ये शिवाजीराव गायकवाड नावाचा एक मराठी कंडक्टर तिकिटं फाडायचा, तो पुढे रजनीकांत झाला. इथल्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यावं की नाही, ह्यावरून २०२५ साली दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांत जाहीर मतभेद झाले. स्थानक तेव्हा अजून सुरूही झालं नव्हतं. आपल्याकडे बारसं आधी, बाळ सवडीने.

ह्या बाळाचं बारसं मात्र आपोआप झालं. पहिल्याच संध्याकाळी बाळाने देव्हाऱ्यात चढून, पंढरपूरहून आणलेल्या बुक्क्याच्या डबीत तोंड घातलं. मुळातच काळं, त्यामुळे बघून कुणाच्याच लक्षात आलं नाही. लागोपाठ शिंका यायला लागल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून तो बोका बुक्का झाला. समोरच्या कन्नड शेजाऱ्यांना मात्र गहिवरून आलं. मराठी माणसांनी विजयनगरच्या बुक्करायाचं नाव ठेवलं, असा त्यांचा समज झाला आणि मामांनी तो दूर करण्याची घाई केली नाही.

आता स्वभावाबद्दल. मांजर म्हणजे अलिप्त, आपमतलबी, घराला ओळखणारं पण माणसाला न ओळखणारं, असा आपला पिढीजात समज. बॉम्बे जातीच्या वर्णनात ह्याच्या बरोबर उलटं लिहिलेलं असतं. ह्या मांजराला एकट्याला करमत नाही. घरातलं एक माणूस ते आपलं म्हणून निवडतं आणि त्याच्या मागे मागे फिरतं. ऊब आवडते, मांडी आवडते, लहान मुलांचं आणि ओळख करून दिली तर कुत्र्याचंही वावडं नाही. फेकलेली वस्तू परत आणून देतं, सवय लावली तर पट्टा बांधून फिरायला येतं, आणि दुर्लक्ष झालं तर गप्प बसत नाही.

बुक्क्याने माणूस निवडलं. पैसे देऊन आणणारी मुलगी सोडली, लाड करणारे मामा सोडले आणि ‘मला घरात जनावर चालायचं नाही’ म्हणणाऱ्या मामी निवडल्या. मामी ओट्यापाशी, तर हा ओट्याजवळच्या स्टुलावर. मामी न्हाणीघरात, तर हा दाराबाहेर, आणि दाराच्या फटीतून एक काळा पंजा आत. संध्याकाळी मराठी मालिका लागली की मांडीवर. मालिकेतली सासू किंचाळली की त्याचा फक्त एक कान फिरतो, बाकी देह जागचा हलत नाही. मामी त्याच्याशी बोलत नाहीत असं त्या सांगतात. “मी कशाला बोलू? मी आपलं मोठ्याने म्हणते, गॅस बंद केला का, आणि हा बघून येतो.”

मामा सकाळी प्रजावाणी उघडतात. बुक्का येऊन बरोबर ती ओळ बघतो जी मामा वाचतायत, आणि तिच्यावर पसरतो. मामा पान उलटतात, तोही उलटतो. दूध तापवताना मामी नंदिनीच्या पिशवीचं टोक कापून फेकतात. ते निळं टोक बुक्क्याचं जीव की प्राण. फरशीवर सटकवायचं, फ्रिजखाली घालवायचं, तिथून काढून द्या म्हणून मामींच्या पायाशी बसायचं, फेकलं की तोंडात धरून परत आणायचं. पुढे कुणीतरी सांगितलं, की प्लास्टिक, दोरे, रबरबँड मांजरांनी गिळले तर आतड्यात अडकतात आणि पोट फाडायची वेळ येते. तेव्हापासून ते टोक कापलं जातं पण सुटं होत नाही; मामी ते पिशवीलाच लोंबतं ठेवतात. बुक्का अजून त्या पिशवीकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर मी फक्त माहेरी जाऊ न दिलेल्या बायकांत पाहिली आहे.

बहीण घरून काम करते तेव्हा तो वायफायच्या राउटरवर बसतो, कारण बेंगळुरूच्या डिसेंबरात त्या घरात तेवढीच एक वस्तू कायम गरम असते. तिथून उतरला की लॅपटॉपवर. एकदा अमेरिकेतल्या साहेबाबरोबर मीटिंग चालू असताना पडद्यावरून काळं शेपूट गेलं. साहेब खूश होऊन ओरडला, “बॉम्बे?” मामी मागून चहा घेऊन येत होत्या. त्यांना वाटलं आपली चौकशी चाललीय. पुढे होऊन म्हणाल्या, “येस, गिरगाव.”

निगा राखायला हे मांजर सोपं. पर्शियन मांजराचे केस रोज विंचरायचे, गुंता सोडवायचा, ती घरची पोरगी शाळेत पाठवल्यासारखी तयारी इथे लागत नाही. केस आखूड आणि अंगाला चिकटून असतात. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की पुरे. चकाकीसाठी शौकीन लोक मऊ कातड्याचा तुकडा फिरवतात. तिकडे ह्या मांजरांच्या अंगाला पेटंट लेदरची उपमा देतात ती ह्या चकाकीमुळे. मामींकडे विरलेल्या मैसूर सिल्क साडीचा तुकडा आहे. मानेपासून शेपटाकडे, केसांच्या दिशेने, चार हात मारले की बुक्क्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. रेशमी साडीत असली मालिश मैसूरच्या महाराजांचीही झाली नसेल. आंघोळ सहसा लागत नाही. ती बाब मांजर स्वतःच दिवसभर जिभेने उरकत असतं. तासन् तास उन्हात पडलं तर काळा रंग तांबूस होतो, आणि खाण्यात प्रथिनं कमी पडली तरी होतो.

खाण्यापाशी येऊन मात्र गाडी अडली. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं आणि ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूधभातावर मांजर वाढवणं ही आपली जुनी रीत, पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतच नाही. डोळे मिटून पितं ते. नंतर डोळे आपले उघडतात, फरशी पुसताना. शेजारच्यांनी प्रेमाने आणून दिलेला मोसरन्ना, म्हणजे दहीभात, बुक्क्याने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मामींनी शेजारणीशी बोलणं कमी केलं.

श्रावण आला. मामी महिनाभर मांसमच्छी घरात आणत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ह्याला श्रावण नाही. मामींनी नाइलाजाने वेगळं भांडं, वेगळा चमचा आणि बाल्कनीचा एक कोपरा नेमून दिला. मग डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: कांदा आणि लसूण मांजराला विष. कच्चा, शिजवलेला, पूड केलेला, कसाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतले कबाब, बिर्याणी, खिमा ह्या साऱ्यावर त्यामुळे एका फटक्यात काट मारली गेली.

मामी बराच वेळ विचार करत होत्या. “म्हणजे मटण चालतं आणि कांदा-लसूण चालत नाही. ह्याचा नुसता चातुर्मास नाही, ह्याची बारा महिने कांदेनवमी उलटून गेलेली. आणि वर खायचं काय, तर कोंबडी. असला सोवळा मी जन्मात पाहिला नाही.”

हे सोवळं सांभाळणं सोपं नव्हतं. मुंबईहून मामींचे भाऊ उद्यान एक्स्प्रेसने आले आणि रिवाजाप्रमाणे सुके बोंबील घेऊन आले. प्लास्टिकच्या तीन पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर टॉवेल. गाडी कर्जत सोडायच्या आत डब्यातल्या सगळ्यांना कळलं असणार, आणि बुक्क्याला ते दाराची बेल वाजायच्या आधी कळलं. बॉम्बे कॅट आणि बॉम्बे डक ह्यांची ती पहिली भेट. बुक्का बॅगेभोवती फिरला, बॅगेवर बसला, चेनच्या फटीला नाक लावून मिनिटभर तसाच राहिला आणि मग घशातून असा काही आवाज काढला, की मामींच्या भावाने पाय वर घेतले. सुक्या मासळीतलं मीठ मांजराला मानवत नाही, म्हणून त्याला बोंबील दिला गेला नाही. मामींना ते फार लागलं. “गावची वस्तू दारात आली आणि पोराला चव नाही,” असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. मामांनी दबक्या आवाजात विचारलं, की गाव कुणाचं? मुलगी फोनकडे बघत राहिली.

बाकीच्या सूचना मामींनी फ्रिजवर चिकटवल्या. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एकच गोळी जीव घेऊ शकते. फुलांच्या गुच्छातली लिली घरात नको. खिडक्यांना जाळी. पतंगाचा मांजा नको. रेबीजची आणि बाकीची लस वेळेवर, नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात. कागदाच्या तळाशी मामांनी स्वतःच्या अक्षरात ‘आणि नवऱ्याला दुसरा चहा’ असं जोडलं, ते अजून तसंच आहे, अंमलाविना.

ह्या सगळ्यात एक शंका हळूहळू डोकं वर काढत होती. पिल्लाचे डोळे आधी निळे, मग राखाडी, आणि बॉम्बेचे असतील तर पुढे सोनेरी, तांबूस व्हायला हवेत. बुक्क्याचे डोळे राखाडीवरून निघाले आणि कोवळ्या गवताच्या रंगावर येऊन थांबले. डोकं गोल असायला हवं, ते जरा लांबोळं. ज्याने विकलं त्याने जातीचं नाव घेतलं होतं, किमतीला शून्य लावलं होतं, पण कागद काही दिला नव्हता. रस्त्यावरचं काळं मांजर आणि जातिवंत बॉम्बे ह्यांच्या नुसत्या काळेपणात फरक करता येत नाही. फरक डोळ्यांत, डोक्याच्या ठेवणीत आणि वंशावळीच्या कागदात. आपल्याकडे बॉम्बे म्हणून विकली जाणारी बहुतेक पिल्लं कुठल्या तरी मार्केटच्या मागच्या बाजूला जन्मलेली असावीत, असा माझा कयास आहे. आणि स्वभावाचं म्हणाल, तर प्रेमाने हातावर वाढलेलं कुठलंही देशी मांजर मागे मागे फिरतं. पण हे मामींसमोर बोलायची सोय राहिलेली नाही, कारण मधल्या काळात मामींचा पक्ष बदलला होता.

ते उघड झालं लसीच्या वेळी. दवाखान्यात मी बरोबर होतो. डॉक्टरांनी नवं कार्ड काढलं. नाव विचारलं. बुक्का. वजन केलं. काटा सहा किलोच्या वर गेला. मग विचारलं, जात?

“बॉम्बे,” मामी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बुक्क्याची हनुवटी उचलून डोळ्यांत पाहिलं. “नाटी बेक्कु, अम्मा,” ते हसून म्हणाले. देशी मांजर आहे.

कर्नाटकात हा शब्द लोक कोंबडीसाठी जास्त वापरतात. मामींनी पर्स टेबलावर ठेवली. “नाटी असेल तुमची कोंबडी. तुम्ही बॉम्बे लिहा.”

डॉक्टर समजुतीने म्हणाले, डोळे हिरवे आहेत. मामी म्हणाल्या, माझ्या आत्याचेही होते, ती काय भायखळ्याच्या बाहेर जन्मली होती? डॉक्टर म्हणाले, जातीचा कागद लागतो. मामींनी पर्समधून आपलं आधार कार्ड काढलं, त्यावर गिरगावचा पत्ता नाही हे लक्षात येताच परत आत टाकलं आणि म्हणाल्या, “मी सांगतेय ना, मी तिथली आहे. मला कळणार नाही?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गोचिडांच्या तक्त्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बॉम्बे लिहिलं. खाली वजनाचा मुद्दा लिहिला. ही जात दिसते त्यापेक्षा अंगाने भरीव असते, असं मामींनी त्यावर पुस्तकी आधारासह सांगून पाहिलं, पण डॉक्टर ऐकेनात. खाणं मोजून द्यायचं, मधल्या वेळचं पूर्ण बंद, रोज थोडा तरी खेळ. घरी आल्यावर मामांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मामींनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, अक्षर नीट लागत नाही म्हणाल्या, आणि मामांच्या हातातली चकलीची बशी काढून घेतली.